मग गाणं म्हण

"जिवंत आहेस का रे?"

थंडीतल्या सकाळी बाथरूमच्या दारावर काकूंची थाप पडायची. डोळ्यांत साबण गेलेला मी आतून ओरडायचो, "आहे, काकू!"

"मग गाणं म्हण."

बेसूर का होईना, म्हणावं लागायचं. शेजारचे भाडेकरू हसून हसून लोळायचे.

नाशिक रोडला काकूंच्या चार खोल्या होत्या. आठवीतून शाळा सोडून मी नांदेडकडून आलो, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. काकूंनी विचारलं ते एवढंच, "घोरतोस का? मग भिंतीकडे तोंड करून झोप. भिंत पातळ आहे." त्या शहरात माझ्यासाठी पहिलं दार त्यांनीच उघडलं.

असे घरमालक तुम्हीही पाहिले असतील. खोली दिली तरी त्यांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. आम्ही म्हणायचो, बाई जरा चक्रम आहे.

पुढे कंपनीत कायम झालो, जेल रोडला लहानसं घर घेतलं आणि मागची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाडेकरू सामान घेऊन येणार होता. हा पुढे खोली सोडेल ना? पोलिसांची भानगड तर होणार नाही ना? सल्ला घ्यायला काकूंना बोलावलं.

त्या कागद बघायला तयारच नव्हत्या. थेट मागच्या खोलीच्या बाथरूममध्ये शिरल्या, आतून कडी लावली आणि नळ सोडला.

"काकू?"

नुसतं पाणी पडत होतं.

"काकू! अहो काकू!" मी दार बडवायला लागलो. खांद्याने दार तोडणार, तेवढ्यात कडी निघाली.

"घाबरलास? बरं झालं. खोली न सोडणाऱ्याला कोर्ट आहे रे. याने जीव घेतला तर कुठलं कोर्ट?" त्यांनी आतल्या गॅस गिझरकडे बोट केलं, मग खिळे ठोकून बंद केलेल्या खिडकीकडे.

उंबऱ्यावर बसून त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. "माझी पहिली भाडेकरू. नर्सिंग शिकणारी पोरगी. वारा येतो म्हणून तिने खिडकीला पुठ्ठा लावलेला. मी बाहेर शेंगा फोडत होते. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून मला वाटलं, चाललीय अंघोळ. दार तोडलं, तोवर गिझरचा गॅस कोंडून ती गेली होती."

मी उठून खिडकीच्या खिळ्यांसाठी पक्कड शोधायला लागलो.

भाडेकरूला दोन दिवस थांबवलं. गिझर बाहेर काढला, खिडकी मोकळी केली. त्या स्वतः आत उभ्या राहिल्या, वारा लागल्यावरच म्हणाल्या, "आता दे किल्ली."

यंदा दिवाळीनंतर काकू गेल्या.

आज सकाळी कडाक्याची थंडी होती. मागच्या खोलीच्या बाथरूममधून पाणी पडल्याचा आवाज येत होता. गिझर बाहेर आहे, खिडकी उघडी आहे, सगळं ठाऊक होतं. तरी हातातला चहा ठेवून गेलो आणि दार वाजवलं.

"पाणी येतंय का रे?"

"येतंय ना, दादा!"

"मग गाणं म्हण."

नुसतं पाणी. मी दाराला खांदा लावला.

"कोणतं म्हणू?"