कोअरवाल्या मावशीचा घण

ओतकामाच्या त्या कारखान्यात कोअरवाल्या मावशीला सगळे जरा दबकूनच असत. पंपाची बॉडी ओतायची तर आतली पोकळी राखायला रेतीचा गाभा लागतो. त्यालाच तिथं कोअर म्हणत, आणि गेली सव्वीस वर्षं तो मावशीच करत होती. कोअर ओला असतानाच ती सायकलच्या तारेनं त्यात आरपार भोकं पाडायची. लोखंड ओतलं की कोंडलेल्या वायूला बाहेर पडायला तेवढीच वाट. ती नसली तर वायू लोखंडात शिरतो, आणि वरून गुळगुळीत दिसणारी बॉडी आतून पोकळ निघते.

नवा मॅनेजर मालकाचा जावई. कोअरचं यंत्र आणायचं त्याच्या डोक्यात होतं. मावशीची एखादी चूक सापडायचाच अवकाश होता. सोमवारी त्यावरूनच दोघांची जुंपली. मावशीचं तोंडही चालू, कामावरचा हातही चालू, आणि त्या भरात सहांतल्या एका कोअरला भोकं पाडायची राहिली.

बुधवारी माल निघायचा होता. ओळीनं मांडलेल्या बॉड्यांवर मावशीनं सवयीनं हातोडी वाजवली. पाच खणखणल्या, सहावी बद्द वाजली. सोमवारची राहून गेलेली भोकं तिला आठवली. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिनं जाऊन सांगितलं.

मॅनेजर आधी खूश झाला, मग घड्याळ बघून नरमला. रंग मारून पाठवू, आत कोण डोकावतंय, म्हणाला. वर हेही सुचवलं, की गोष्ट दोघांतच राहिली तर मावशीची जागाही राहील.

मावशीनं भट्टीवाल्याकडून घण मागून घेतला. तिसऱ्या घावाला बॉडी उभी फुटली. आतलं लोखंड भोकाभोकांचं, पावासारखं.

"चूक तुमचीच ना, मावशी?" तो दात खात म्हणाला.

"माझीच. म्हणून तर मीच फोडली. दुसऱ्याच्या विहिरीवर फुटण्यापेक्षा इथं फुटलेली बरी."

"आता यंत्र आणतोच बघा."

"आणा की, साहेब. त्याला चूक कबूल करता येते का, तेवढं विचारून घ्या."

मागं भट्टीवाला फिस्सकन हसला. जावईबापू तणतणत सासऱ्यांना फोन लावायला ऑफिसात गेले. मावशीनं रेतीचं घमेलं पुढं ओढलं. सहाव्या बॉडीचा कोअर संध्याकाळच्या ओतणीला हवा होता, आणि तिला कामावरून काढायचंच असेल तर तो सुकेपर्यंत त्यांना थांबावं लागणार होतं.