पायाला माती लागल्याशिवाय

जमीन पाहायला गेले की ते आधी बूट काढत. मोजे घडी करून बुटात ठेवत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत आणि म्हणत, "पायाला माती लागल्याशिवाय आपली सही नाही बापा!" सरकारी नोकरीत इतक्या थाटात अनवाणी होणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिला, शेजारच्याच टेबलावरून.

ते भंडाऱ्याकडचे, राहायला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी पुण्याचा, आणि हा माझा गुन्हा ते रोज एकदा तरी वाचून दाखवत. "तुमचे नकाशे लय सुंदर, पुणेकर. फक्त जमिनीला ते माहीत नसतात."

तेव्हा नदीपलीकडे बघता बघता नवे सेक्टर उगवत होते. एका बिल्डरला यमुनेकाठचा सरकारी उंचवटा हवा होता, जिथे गावाच्या म्हशी चरत. बदल्यात तो तेवढीच स्वतःची जमीन, जरा खालच्या अंगाची, सरकारला देणार होता. नकाशा मी काढलेला. मे महिन्यात, जीपच्या सावलीत बसून. दोन्ही तुकडे कसे सारखे, कोरडेठाक! फाइलवर फक्त त्यांची सही राहिली होती, आणि काही ना काही कारण काढून ते ऑगस्टपर्यंत थांबले होते.

शेवटी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "आज चार बजे तक साइन चाहिए. नहीं तो ट्रान्सफर."

यांची लेक बारावीला होती. साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

"बिल्कुल, सर," ते म्हणाले. "बस, एक बार मौका देख आते हैं." मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा.

जीपमध्ये मी कुजबुजलो, "अहो, टाका ना करून. पोरीचं वर्ष आहे."

"बांबू घेतला का?" एवढंच ते बोलले.

नदीच्या बांधावर उतरलो. उंचवट्यावर म्हशी निवांत रवंथ करत होत्या. आणि खाली, माझ्या सुरेख चौकोनाच्या जागी, नदी वाहत होती. गढूळ, भरधाव. बूट काढून, बांबू टेकवत ते आत शिरले. गुडघे. कंबर. छाती.

"या ना पुणेकर, तुमचीच जमीन आहे!"

"परत या!" मी ओरडलो.

त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, आणि क्षणभर पाण्यावर नुसता बांबू दिसला. मग डोकं वर आलं. चष्मा गेला होता.

पावणेचारला साहेबांच्या टेबलाशी उभं राहून, कागद नाकाला लावून, त्यांनी शेरा लिहिला: "मौके पर भूमि नहीं मिली." खाली सही. पँटचं पाणी साहेबांच्या गालिच्यावर टपटपत होतं आणि मी, देवाशपथ, हसू दाबत होतो.

आठ दिवसांत बदली झाली. "लेक इथंच मावशीकडे राहील," ते म्हणाले. "आईला सोडून पहिल्यांदाच." मग बांबू माझ्या टेबलाशी टेकवला आणि निघून गेले.

पुढच्या सोमवारी तीच फाइल माझ्यासमोर आली. शेऱ्याचं पान नव्हतं. सगळ्यात वर माझा मे महिन्यातला नकाशा, आणि सहीच्या जागी आता माझं नाव. साहेब स्वतः आले होते.

"आप तो समझदार आदमी हैं."

शेजारची खुर्ची रिकामी होती. बांबूवर डोक्याच्या उंचीला गाळाची रेघ वाळली होती.

मी खाली वाकलो आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागलो.