अकरा नंबरच्या चपला

फोन आला तेव्हा मी डिस्चार्जचे कागद लावत होते. साडेनऊ वाजले असतील. पाचूबंदरहून बस्त्यावकाकांच्या बायकोचा, फिलूमावशींचा फोन. "सिस्टर, हे गेले. चा पिता पिता गेले." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि पुढचा कागद लावला. अशा वेळी धक्का बसतो म्हणतात. मला काहीच झालं नाही... पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. समोर अकरा नंबरच्या खाटेवर दीपक अनवाणी पाय हलवत बसला होता. "सिस्टर, काका कधी येणार? माझी चप्पल त्यांच्याकडे आहे ना."

चपलांचं आधी सांगायला हवं. वसईतल्या आमच्या हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात दारूनं लिव्हर खराब झालेले, फिट आलेले पेशंट कायमचेच. आम्ही त्यांना सलाइन लावून उभं करतो, पुढचं आमच्या हातात नसतं. पुढचं गासच्या व्यसनमुक्ती केंद्रात, एका वाडीतल्या जुन्या घरात. वॉर्ड ते केंद्र रिक्षानं अर्धा तास, आणि बहुतेक पेशंट त्या अर्ध्या तासातच हरवतात. बस्त्यावकाका त्या अर्ध्या तासाचे माणूस होते. पूर्वी मासेमारी करायचे आणि पिण्यात कुणाला हार जायचे नाहीत. त्याच केंद्रात सुधारले आणि तिथलंच काम करू लागले. रोज दहाला वॉर्डात येऊन पेशंटच्या खाटेवर बसायचे. खाटेवर बसायचं नसतं हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. बोलणं बोंबील किती महाग झाले इथून सुरू व्हायचं, दारूचं नाव तिसऱ्या दिवशी निघायचं. पेशंट केंद्रात जायला तयार झाला, की डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या चपला कापडी पिशवीत घालून काका घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट हजर. त्याला रिक्षानं गासला न्यायचे आणि चपला केंद्राच्या दारात परत द्यायचे.

"काका, लग्नातल्या मेव्हणीसारख्या चपला काय पळवता?" मी एकदा चिडवलं होतं.

"सिस्टर, पिनारा मानूस अनवानी पन बारमदी जातो. मी गेलोय. पन चपला दुसऱ्याकडं असल्या, का त्याला थांबायला कायतरी कारन होतं." मग हसून म्हणाले, "केंद्राच्या पत्त्याची चिठ्ठी मला पन दिलेली. तिच्यावर चकना ठेवून खाल्ला."

हे ऐकूनही गेल्या वर्षी मी चिठ्ठीच दिली. काका भाचीच्या लग्नाला गेले होते, खाट रिकामी हवी होती, मी एका पेशंटला केंद्राचा पत्ता लिहून दिला, खाली दोन रेघा मारून. नवव्या दिवशी त्याला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा सगळं संपलं होतं. चिठ्ठी खिशात तशीच होती. काका परतल्यावर मी सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरचं चिठ्ठ्यांचं पॅड उचललं आणि पिशवीत टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून त्या सकाळी मी दीपकशी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तो नाक्यावरच्या बारमध्ये गेला असता, याची मला खात्री होती. "काकांना उशीर होणार आहे. मी सोडते तुला," म्हणाले, आणि इनचार्ज सिस्टरांना सांगून निघाले. रिक्षात तो प्रत्येक बारकडे वळून बघत होता. मी म्हणाले, "बोंबील फार महाग झालेत."

"सिस्टर, तुम्ही तर व्हेज ना?"

केंद्राच्या दारात त्यानं चप्पल मागितली. "माझ्याकडे देणार आहेत काका. घेऊन जा नंतर," म्हणून मी तशीच पाचूबंदरला गेले. काका शवपेटीत होते, पायात काळे बूट. त्यांना बुटात मी पहिल्यांदाच पाहत होते. मावशींनी दारामागची पिशवी काढून माझ्या हातात दिली. सगळे रडत होते. मी पिशवी धरून उभी राहिले, मग ड्युटीवर परत आले.

याला पाच आठवडे झाले. गेल्या सोमवारी दीपक वॉर्डाच्या दारात उभा, अंगावर थोडं मांस चढलेलं. "चप्पल न्यायला आलो." मी काकांचं सांगायला लागले तर म्हणाला, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं, सिस्टर. केंद्रात सगळे रडत होते."

"मग पळून नाही गेलास?"

"चप्पल तुमच्याकडे होती ना."

मी लॉकरमधल्या पिशवीतून चपला काढून दिल्या. त्यानं त्या घातल्या आणि जूचंद्रला घरी जायची रिक्षा पकडायला गेला. मी लॉकरपाशी पिशवी झटकली, तर तळातून चिठ्ठ्यांचं ते पॅड पडलं. वरच्या कागदावर माझ्या दोन रेघांचा दाब उमटलेला होता. मी ते परत पिशवीतच ठेवलं. रडू मला अजून आलेलं नाही... येईल तेव्हा येईल.

काल सात नंबरचा पेशंट केंद्रात जायला हो म्हणाला. मी पिशवी घेऊन गेले आणि चपला मागितल्या. "कशाला?" त्यानं विचारलं. मी त्याच्या खाटेवर बसले.