हातगॅस आणि चार बोकड

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धाराशिवला जनावरांच्या दवाखान्यात मी नवीनच डॉक्टर म्हणून लागलो होतो. पैदाशीचे चार बोकड मुरुमला पोचवायचे होते. जीपमागं ट्रेलर जोडला, त्यात कडबा अंथरला, बोकड दोरीनं बांधले आणि सकाळीच निघालो.

ड्रायव्हर चाचा पन्नाशी ओलांडलेले. निजामाच्या अमदानीत लॉरी चालवलेला माणूस. त्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. तुळजापूर मागं पडल्यावर त्यांनी जीपमधली एक छोटी खुंटी ओढली आणि गॅसवरचा पाय काढून घेतला. जीप तशीच चालत राहिली. मला गंमत वाटली.

"हातगॅस हाय," चाचा म्हणाले. "सपाट रस्त्याला पायाला आराम. पण डॉक्टरसाब, हिला चढ कळत न्हाय आन् उतार बी कळत न्हाय. मागं वजन आसलं तर लई ध्यान ठिवावं लागतंय."

अणदूरला चहा घेऊन उठताना त्यांना उभंच राहवेना. मी म्हणालो, "चाचा, पुढं मी चालवतो." नाही-होय करत ते शेजारी बसले.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी. मीही खुंटी ओढली, पाय मोकळे केले आणि चाचांशी बोलत बसलो. पुढं ओढ्याकडं उतार लागला. जीपचा वेग वाढला हे माझ्या ध्यानात आलं ते वळण समोर दिसल्यावर. मी घाबरून जोरात ब्रेक दाबला. गॅस तसाच ओढलेला. ट्रेलर मागून ढकलायला लागला आणि त्याचं एक अंग बाजूला सरकलं.

चाचा ओरडले नाहीत. वाकून त्यांनी खुंटी आत ढकलली. "ब्रेक सोडा. सरळ धरा. आता हळूहळू दाबा." ट्रेलर पुन्हा ओळीत आला. वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेच्या मातीत जीप थांबली. बोकड एकमेकांवर पडले होते, एकाचं ढोपर सोललं होतं. मी औषध लावलं. पुढं गाडी चाचांनी नेली, दात आवळून.

मुरुमच्या दवाखान्यातल्या साहेबांनी ते ढोपर लगेच पाहिलं. "हे कसं झालं?"

"माझ्या हातनं झालं, साहेब," चाचा बोलून गेले.

मला राहवेना. "नाही साहेब, गाडी मी चालवत होतो. चाचांचा गुडघा सुजलाय."

साहेबांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली. पण नंतर चाचांकडं वळून म्हणाले, "गुडघा दाखवून घ्या. तोवर गाडीवर बसायचं नाही." चाचांचा चेहरा पडला. तिथल्या ड्रायव्हरनं आम्हाला परत आणलं. घराशी उतरताना चाचा म्हणाले, "म्या चार म्हयने लपवलं हुतं. तुमी एका दमात सांगून टाकलं."

मी खरं बोललो होतो, तरी रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. गुडघ्यात पाणी झालं होतं. ते काढलं आणि महिनाभर विश्रांती सांगितली. त्या महिन्यात मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचो. पहिल्या तीन रविवारी चाची चहा द्यायच्या आणि चाचा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. चौथ्या रविवारी ते दारातच उभे होते, काठीशिवाय.

"डॉक्टरसाब, फिटनेसचा कागद मिळाला," ते म्हणाले. "उद्यापासनं गाडीवर. तेर गावाला जायचंय ना? सातला तयार ऱ्हावा."