डोहाची टोपी

गाळनानांचं नाक हे आमच्या गावातलं एकमेव विनाअनुदानित प्रदूषण खातं होतं. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या डोहावर त्यांनी उभा जन्म नाव चालवली. पूल झाला, नाव गेली, सवय राहिली. रोज सकाळी बुडी मारायची, तळाचा मूठभर गाळ वर आणायचा, हुंगायचा आणि निकाल द्यायचा, "आज कारखान्यानं मळीचं पाणी सोडलंय." सरकारी प्रदूषण खात्याच्या साहेबांच्या नमुन्याच्या बाटल्यांना हेच कळायला महिने लागत. त्यातही बऱ्याचदा कळत नसेच.

शेवटी साहेबांनी उपाय आणला. विषारी गाळ उपसला तर ढवळून खाली सांगलीपर्यंत जाईल. म्हणून तो तिथेच ठेवून वर विष धरून ठेवणाऱ्या खास कोळशाचा थर द्यायचा. इंग्रजीत याला कॅपिंग म्हणतात. खात्यातल्या कुणा विद्वानाने फलकावर त्याचं मराठी केलं: 'डोहाला टोपी घालण्याचे काम'. आम्हा आंदोलनवाल्यांना आयतंच सापडलं. त्याच दिवशी मी पत्रक छापलं: 'डोहाला टोपी घालू देणार नाही!'

नानांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाले, "टोपी बरी हाय रं. आमची आय पाणी गाळाय कोळसाच घालायची. घालणारा कोण, ते बघ."

मला पटलं नाही. पत्रक छापून झालं होतं ना.

उद्घाटनाला साहेबांनी नमुन्याचा कोळसा मिरवला. नानांनी त्यातला मूठभर मागून घेतला. थर पडल्यावर त्यांनी बुडी मारली आणि काळी मूठ घेऊन वर आले. या वेळी हुंगली नाही, बोटांत चोळली. "कोळसा न्हाई गड्या. बॉयलरची राख हाय."

नानांनी दोन बरण्यांत कारखान्याच्या नाल्याचं पाणी भरलं. एकीत नमुन्याचा कोळसा, दुसरीत तळाची मूठ. दुसऱ्या दिवशी बरण्या साहेबांच्या टेबलावर.

"आवं सायब, हुंगा. एकीचा वास गेला, दुसरीचा न्हाई."

साहेबांना नेमकी सर्दी झाली होती. "अहवाल येऊ द्या," म्हणाले.

"येऊ द्या की. तवर सांगलीकरांनी नाक धरून पाणी प्यावं व्हय?"

काम थांबलं. राख खालीच आहे, अहवाल वाटेत आहे. मी नवं पत्रक काढलं: 'डोहाला खरी टोपी घाला'. ते वाचून घ्यायला नाना उरले नव्हते. जाताना घरच्यांना बजावून गेले, "माजी राख नदीत सोडू नगा. तितं आदीच लय झालीया."

आम्ही ती त्यांच्या परड्यातल्या शेवग्याच्या मुळाशी घातली. यंदा शेंगा धरल्या की पहिली जुडी मी साहेबांना देणार आहे. सर्दीला चांगल्या असतात म्हणे.