ओढली की सुटणारी गाठ

आज सकाळी तांडेल बाई गेल्या, आणि रडू यायच्या आधी मला आठवली ती एक गाठ.

बाई आमच्या शाळेत स्काउट-गाईडच्या टीचर. मूळच्या वसईजवळच्या कळंबच्या, वडिलांची मासेमारीची होडी. २६ जानेवारीचा झेंडा त्या आम्हा गाईडच्या पोरींकडूनच बांधून घ्यायच्या.

चुण्या घाला, पोटात पाकळ्या ठेवा, दोरी गुंडाळा. आणि शेवटी ती गाठ. वाऱ्याने सुटत नाही, खालून झटका दिला की लगेच सुटते.

मला प्रश्न विचारायची भारी खोड. "पण बाई, सुटते कशी?"

"आधी हात शिकू दे. डोकं येईल मागनं."

डोकं काही आलं नाही. शाळा सुटली, गाठही विसरले.

यंदाची २६ जानेवारी. वसई ईस्टच्या आमच्या कंपनीत मी अकाउंट्सला. आमचे सुपरवायझर कदम काका महिनाअखेर रिटायर होणार होते, म्हणून शेठ म्हणाले, यंदा झेंडा काकांच्या हस्ते.

काका फुलपाड्याहून आख्खं घरदार घेऊन आले. काकू पैठणीत. काकांची इस्त्री मोडेल म्हणून ते खुर्चीतही बसेनात.

माईक रेडी, समोसे रेडी. झेंडा कुठाय? कपाटात!

दरवर्षी तो बांधायचा आमचा वॉचमन, आणि तो लग्नाला गावी गेलेला. एकाच्याही डोक्यात आलं नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकायला मात्र सगळे पुढे.

दोघांनी यूट्यूब बघून बांधला. ट्रायल घेतली तर जितकं ओढावं तितकी गाठ घट्ट.

काकांचं तोंड एवढंसं झालं. हळूच मला म्हणाले, "नाही उघडला तर गं? आयुष्यभर मागच्या रांगेत उभा राहिलो. आज पहिल्यांदा दोरी हातात येतेय."

मी पुढे झाले. म्हटलं, "आणा तो झेंडा इकडे."

आणि काय सांगू, हातांना सगळं येत होतं! केशरी वर, चुण्या, झेंडूच्या पाकळ्या. शेवटच्या फेऱ्याला तर कानात बाईच ओरडल्या, "टोक नको गो खोचूस! दोरी दुमड आनि मग खोच!"

झेंडा वर गेला. काकांना सांगितलं, "एकच झटका द्या. अजिबात घाबरू नका."

मी स्वतः मात्र मागे उभी, देव पाण्यात घालून.

काकांनी दोरी ओढली.

सुटली!

पाकळ्या काकांच्या टोपीवर, खांद्यांवर. राष्ट्रगीताला ताठ उभे होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. काकू तर पुसायचंही विसरल्या.

त्याच संध्याकाळी स्कूटी काढून कळंबला गेले. बाई अंथरुणाला खिळलेल्या, पण आवाजात तीच जरब. सगळं सांगितलं. तिथेही माझी खोड काही गेली नाही.

"बाई, आता तरी सांगा. ती सुटते कशी?"

बाई हसायलाच लागल्या. "मला तरी कुठं म्हाईत? बापाने होडीवर हात धरून शिकवली. त्याला पन नसेल म्हाईत."

बाईंनी हातानेच मला जवळ बोलावलं.

"दरवर्षी झेंडा वर गेला की मी डोळे मिटून घ्यायची. वाटायचं, यंदा काय सुटत नाय."

अगं बाई! आणि आम्हाला वाटायचं, ही बाईंची देशभक्ती.

"एवढी भीती वाटायची तर शिपायाला सांगायचं ना बांधायला."

"वा गो वा! भीती वाटली म्हनून काय आपला झेंडा दुसऱ्याने बांधायचा?"

बाई, शाळेत तुमचा धाक होता. तुम्हीही दरवर्षी घाबरायचात हे कळलं, त्या संध्याकाळपासून तुम्ही मला फार फार आवडायला लागलात.

हे तोंडावर सांगायचं राहून गेलं.

तांडेल बाई, तुमच्या गाईडच्या पोरींचा तुम्हाला तीन बोटांचा शेवटचा सॅल्यूट.