तळाच्या ट्रेमधली अंडी

माझ्या आत्याशी वाद घालायला घरात कोणी धजावत नाही. ‘थंड पाणी प्यायलो म्हणून घसा बसला’ असं म्हणायची सोय नाही, लगेच विचारते, “आणि न पिता कितीदा बसला?” अंडी उबवून कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या कारखान्यात ती मुकादम होती. तिथे तिला सगळे वकीलबाई म्हणत. मला तिचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका वर्षी तिथे नवी बाई लागली. घरात कमावणारी ती एकटीच. दोन महिन्यांत मालकांनी आत्याला बोलावलं.

“तिला काढा. इतरांच्या दीडशे अंड्यांतून सव्वाशे पिल्लं निघतात, हिच्या ट्रेमधून जेमतेम नव्वद. बाईच्या हाताला यशच नाही.”

“आकडा ट्रेचा आहे, मालक. हात कुठे मोजलात?”

मालक वैतागले, पण मुदत दिली.

अंडी उबवायची दोन मशीन होती; आत्या दिवसभर त्यांच्यासमोर उभी राहिली. जुन्या बायकांच्या कमरा दुखायच्या, म्हणून वाकून भरायचे तळाचे ट्रे नेहमी नवीन आलेलीच्या वाट्याला. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण चालत आलं होतं. मग दोष हाताचा की जागेचा, कळणार कसं? आत्याने चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. जिला जो ट्रे निघेल, तो तिने भरायचा. ट्रेवर फक्त नंबर; कोणाचा कुठला, ते आत्याच्या वहीत. पिल्लं मोजणारीलाही पत्ता नाही.

“या वयात आम्हाला वाकवता?” सगळ्यांत जुनी बाई फणकारली.

“वाका. मीही वाकते.”

अंड्यांना एकवीस दिवस लागतात, घाई चालत नाही. नवी रोज विचारायची, “ताई, माझं काय होणार?”

“ते अंडी सांगतील. माझ्या सांगण्याला काय किंमत?”

आणि अंड्यांनी सांगितलं. वरच्या ट्रेमध्ये नवीची एकशे सत्तावीस पिल्लं. तळाच्या ट्रेमध्ये त्या फणकारणाऱ्या बाईची अठ्ठ्याऐंशी. बाकीच्यांचंही तसंच.

“बरं, राहू दे तिला,” मालक म्हणाले.

“थांबा, तळाशी होतं काय ते कुठे कळलंय?”

दोन्ही मशीनच्या दारांचं रबर खाली झिजलं होतं, तिथून गार हवा आत शिरत असावी. आत्याने एकाच मशीनचं रबर बदललं, दुसरं मुद्दाम तसंच ठेवलं. तीन आठवड्यांनी पहिल्यात तळाचे ट्रे एकशे वीसवर गेले, दुसऱ्यात होते तिथेच राहिले. मालकांनी त्याच दिवशी दुसरं रबरही मागवलं.

घरी आल्यावर मात्र आत्या जेवली नाही. मी खोदून विचारलं.

“पाच वर्षांपूर्वी एकीला काढलं होतं. तिचेही तळाचेच ट्रे. तुझ्या हाताला यश नाही, असं मीच तिच्या तोंडावर म्हटलं. एकदाही तपासलं नाही रे मी.”

रविवारी मी तिला त्या बाईच्या घरी घेऊन गेलो. दारातच, बसायच्याही आधी, आत्याने रबर, चिठ्ठ्या, आकडे सगळं सांगितलं आणि माफी मागितली. बाई शिवणाच्या मशीनवरून उठून आल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे हात ठीक होते माझे?”

“ठीक होते.”

आतल्या खोलीत एक लहान मुलगी स्वतःशीच बडबडत खेळत होती. बाईंनी तिकडे पाहिलं.

“नात दोन वर्षांची झाली, ताई. मी अजून तिला एकदाही उचलून घेतलेलं नाही.”